शुक्रवारचा बर्फ

रुचाने दगड सोडला. वीस किलोचा तो गोल, गुळगुळीत ग्रॅनाइटचा दगड तिच्या बोटांतून सुटताना किंचित फिरला आणि बर्फावरून पुढे निघाला. ती अजून त्याच्यामागे घसरतच होती; डावं पाऊल छातीखाली, उजवा पाय मागे ओढत आलेला.

“हळू आहे, बाबा! घासा!”

उमाकांत ब्रश घेऊन दगडाच्या पुढ्यात वाकले आणि बर्फ घासू लागले. घासलेला बर्फ जरासा उबदार होतो, मग दगड थोडा लांब जातो, थोडा सरळ जातो. कर्लिंगच्या खेळातलं अर्धं कौशल्य तेवढ्यातच असतं. काही पावलं ते नीट गेले. मग त्यांचा उजवा गुडघा आतल्या बाजूला मुडपला आणि ते बर्फावर बसले. पडले असं म्हणवत नव्हतं. जणू तिथे बसायचंच होतं, असे बसले. दगड त्यांच्या शेजारून निघून गेला आणि तांबड्या-निळ्या वर्तुळांच्या अलीकडेच थांबला.

रुचा त्यांच्यापाशी पोचली.

“लागलं?”

“बर्फ नरम आहे आज,” उमाकांत म्हणाले. “ब्रश अडकला.”

रुचाने बर्फाकडे पाहिलं. बर्फ छान होता.

रिंकची देखभाल करणारे हुसेनमियाँ काचेपलीकडे चहा पीत उभे होते. त्यांनी दार किलकिलं करून विचारलं, “साब, कुर्सी लाऊँ क्या?”

“नहीं, नहीं. चल रहा है,” उमाकांत म्हणाले आणि ब्रशच्या आधाराने उठले. पँटवरचं पाणी झटकलं. “परत टाक,” ते रुचाला म्हणाले. “अगदी असाच. हाच वेग.”

रुचाने परत टाकला. पण या वेळी ती ओरडली नाही. दगड सुटल्यासुटल्या उठली, स्वतःच त्याच्यामागे धावली, त्याला गाठलं आणि स्वतःच घासत त्याला वर्तुळाच्या मध्यावर नेऊन उभा केला. उमाकांत ब्रश खांद्यावर टाकून मागून चालत आले.

“छान,” ते म्हणाले.

गेलं वर्षभर ती असंच खेळत होती. टाकायचाही आपणच आणि घासायचाही आपणच. याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

सौदीतल्या अल-खोबरचा तो मॉल शुक्रवारी सकाळी बंद असे. जुम्म्याची नमाज झाल्यावर दुकानांची शटर्स वर जात, मुलं स्केट्स भाड्याने घेत, आणि रिंकवर मोठमोठ्याने गाणी वाजू लागत. तोवरचा बर्फ सबनीस कुटुंबाचा. उमाकांतनी बऱ्याच वर्षांपूर्वी मॅनेजरशी बोलून हे जमवलं होतं. दगडही त्यांनीच मागवले होते. बंदरावर ते सोडवून घेताना कस्टम्सच्या माणसाने, हे कशाला लागतात, असं विचारलं, तेव्हा त्यांनी फोनवर बायकोचा, अर्चनाचा, एक व्हिडिओ दाखवला होता. त्या माणसाने तो दोनदा पाहिला.

तो व्हिडिओ कॅनडातला होता. नाशिकच्या उमाकांतना कंपनीने उत्तरेकडच्या तेलाच्या एका प्रकल्पावर पाठवलं, तेव्हा रुचा चार वर्षांची आणि तिचा भाऊ सत्यजित सात वर्षांचा होता. त्या गावात हिवाळा सरता सरत नसे आणि करण्यासारखी एकच गोष्ट होती, कर्लिंगचा क्लब. आधी उमाकांत गेले, मग अर्चना गेली, मग मुलं. सगळ्यांत चांगली खेळायची अर्चना. तिने क्लबचा बायकांचा चषक जिंकला, त्या दिवशी उमाकांतनी नाशिकला फोन करून सगळ्यांना सांगितलं. पलीकडे कोणालाच नेमकं काय जिंकलं ते कळलं नव्हतं.

मग प्रकल्प संपला आणि रास तनुराच्या रिफायनरीची नोकरी आली. इथे येताना उमाकांतनी ब्रश सामानात बांधले. दोन्ही मुलं पुढे भारताकडून मिश्र दुहेरी खेळली, भाऊ-बहिणीची जोडी म्हणून त्यांचे फोटोही छापून आले. सत्यजित शिकायला परत कॅनडाला गेला. तिथे बर्फाला तोटा नव्हता, पण त्याने ब्रश हातात धरला नाही. घरी कळवलं, वेळ होत नाही. तेव्हा उमाकांत म्हणाले होते, “हरकत नाही. मी आहे ना.”

तेव्हापासून रुचाचे जोडीदार तेच होते.

मार्चमधल्या स्पर्धेत, जिंकता येण्यासारख्या एका सामन्यात, उमाकांतनी दगड सोडला आणि त्यांना उठता आलं नाही. समोरच्या संघातली मुलगी त्यांना हात द्यायला आली. रुचा दुसऱ्या टोकाला उभी राहून आपल्या बुटांकडे बघत राहिली. सामना गेला. हॉटेलकडे जाताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पुढच्या वर्षी.” तिने मान डोलावली. दुसरं काय करायचं असतं ते तिला माहीत नव्हतं.

आई मेथी निवडत होती, तेव्हा रुचाने तिला सांगितलं.

“हेमलताताईंचा फोन आला होता.”

हेमलता भारतीय संघाच्या प्रशिक्षक होत्या.

“कझाकस्तानात, अल्माटीला सराव शिबिर आहे. लांबलचक. तिथेच राहायचं, तिथूनच स्पर्धांना जायचं. मला बोलावलंय.”

“आणि बाबांना?”

“नाही.” रुचाने मेथीची एक काडी उचलली. “शर्विल म्हणून मुलगा आहे, पुण्याचा. त्याच्याबरोबर खेळायचं. मी हो म्हटलंय.”

अर्चनाचे हात थांबले नाहीत.

“मला आधी विचारलं असतंस, तर मीही हो म्हण असंच सांगितलं असतं,” ती म्हणाली. “नाही विचारलंस ते बरं केलंस.”

“बाबांना तू सांग ना.”

“मी सांगितलं तर तो माझ्याशी भांडेल. मग ते आमचं भांडण होईल. तुझं काही राहणार नाही त्यात.”

अर्चनाने पानांचा ढीग परातीत सारला.

“आपण इथे आलो ना, तेव्हा रिंकवर बायकांना येता यायचं नाही बाबांबरोबर. तू लहान होतीस, तुला चालायचं. मी काचेच्या बाहेर, अबाया घालून, डबा घेऊन बसायचे. आता वर्ष-दोन वर्षांत आपण परत जाऊच असं वाटायचं. मला कोणी खेळू नको म्हटलं नाही गं. तुझ्या बाबांनी तर नाहीच नाही. फक्त, चल, असंही कोणी म्हटलं नाही. पुढे सगळं मोकळं झालं, तोवर माझी पाठ गेली होती.” तिने देठं गोळा केली. “व्हिसा त्यालाच काढावा लागेल तुझा. लवकर सांग.”

ते रुचाला माहीत होतंच. तिचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वडिलांच्या इकाम्यावर होता. पदवी तिने घरबसल्या घेतली होती, नोकरी करता येत नव्हती, आणि देशाबाहेर पाऊल टाकायचं तर उमाकांतनी अबशर या सरकारी साइटवर जाऊन तिच्या नावाचा एक्झिट व्हिसा काढायला हवा होता. आजवर ते दोघांचा एकदमच काढत. त्यामुळे तिला मागायची वेळ कधी आली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी परतताना तिने गाडीत सांगितलं. समुद्राकाठच्या रस्त्यावर खजुरांच्या झाडांना पाणी घालणारा टँकर पुढे चालला होता आणि उमाकांत त्याच्यामागे संथपणे गाडी हाकत होते. गुडघ्यासाठी नवा पट्टा मागवल्याचं सांगत होते. जर्मन आहे. सप्टेंबरपर्यंत मी एकदम तयार असेन, असं म्हणत होते.

“बाबा, मी हेमलताताईंना हो म्हटलंय,” रुचा म्हणाली. मग उरलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

सिग्नल लागला. हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी उमाकांत क्षणभर तसेच थांबले.

“किती वर्षं खेळतोय तो मुलगा?”

“चार.”

“चार.” गाडी पुढे निघाली. “तू सहा वर्षांची असताना पहिला दगड ढकललास. ढकललास म्हणजे, त्याच्यावर बसलीस आणि मी ढकलला.”

“माहितीये, बाबा.”

“तुम्ही दोघं एकत्र कधी खेळलाय?”

“नाही.”

“मग हेमलताला काय ठाऊक जमेल का? बघू.”

“बघू म्हणजे? मला व्हिसा लागेल.”

“बघू म्हटलं ना, रुचा.”

रिफायनरीत देखभालीसाठी शटडाउन सुरू झालं होतं. उमाकांत पहाटे निघत आणि दमून परत येत. रुचा जेवताना आठवण करी. कधी ते ‘उद्या करतो’ म्हणत, कधी पासवर्ड बदलायचा राहिलाय म्हणत, कधी नुसतंच भात वाढ म्हणत. त्यांनी आवाज चढवला नाही. जाऊ नकोस असंही म्हटलं नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. हेमलताताईंचे मेसेज येत. रुचा उत्तर देई, या आठवड्यात नक्की. कंपाउंडच्या भिंतीच्या आतून ती संध्याकाळी फेऱ्या मारी. त्याच बोगनवेली, तेच बंद पडलेलं कारंजं, पुन्हा त्याच बोगनवेली. पासपोर्ट तिच्याच कपाटात होता. तो तिला कुठेही नेऊ शकत नव्हता.

आणि दर शुक्रवारी तिच्या दारावर टकटक होई. “चला, बर्फ वाट बघतोय.” ती उठून जाई. दगड टाकी, त्याच्यामागे धावे, घासे. नवा पट्टा आला होता. तो बांधल्यावर उमाकांत जास्तच लंगडत.

एका शुक्रवारी ती उठली नाही. टकटक झाली, परत झाली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बऱ्याच वेळाने दरवाजा ओढून घेतल्याचा आणि मग गाडी निघाल्याचा आवाज आला.

आई म्हणाली, “असू दे. जाऊन येईल.”

रुचा घरात या खोलीतून त्या खोलीत गेली. चहा केला, घेतला नाही. शेवटी टॅक्सी बोलावून मॉलवर गेली. मागच्या दाराने आत शिरली. सगळी दुकानं अंधारात होती, फक्त रिंकवर दिवे होते.

उमाकांत एकटेच होते. ते दगड सोडत आणि मग बर्फावर पालथे तसेच पडून राहत, पुढे केलेला हात तसाच पुढे. दगड जाऊन लांब कुठेतरी थांबे. मग हुसेनमियाँ एक प्लास्टिकची खुर्ची ढकलत त्यांच्यापाशी नेत. खुर्चीला धरून उमाकांत आधी एका गुडघ्यावर येत, थांबत, मग उभे राहत. खुर्ची बाजूला होई. ते परत जागेवर जात, दगडाचा तळ पुसत.

रुचा काचेबाहेर उभी होती. काच गार होती. आत जावं, खुर्ची आपण धरावी, असं तिला वाटलं, आणि तेच वाटण्याची तिला भीती वाटली. आत गेले तर मी दगड टाकायला लागेन. टाकला की घासायला धावेन. मग हेमलताताईंना काय कळवायचं ते आपोआपच ठरेल.

उमाकांतनी आणखी एक दगड सोडला. हा चांगला होता. वळत वळत जाऊन मध्यावर बसला. त्यांनी पडल्यापडल्या मान उचलून पाहिलं. मग सवयीने बाजूला पाहिलं, आणि तिथे कोणी नव्हतं.

ती आली तशीच मागच्या दाराने निघून गेली. घरी काही बोलली नाही.

त्याच संध्याकाळी उमाकांतनी तिला हाक मारली. ते जेवणाच्या टेबलापाशी बसले होते, समोर लॅपटॉप उघडा. फोनवर अक्षरं बारीक दिसतात म्हणून अशी कामं ते लॅपटॉपवर करत. अर्चना ओट्यापाशी भाकरी थापत होती.

“बस.”

रुचा बसली. पडद्यावर तिचं नाव होतं, तिचा शाळेतल्या वयाचा फोटो होता.

“दोन प्रकार आहेत,” उमाकांत म्हणाले. “एक परतीचा. गेलीस की मुदतीत परत यायचं. दुसरा खुरूज निहाई. कायमचा. तो काढला की तुझा इथला इकामा संपला.”

“परतीचाच ना,” रुचा म्हणाली. “दुसरा कशाला?”

उमाकांतनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

“परतीचा काढला तर तू परत येशील. तोवर माझा गुडघा बरा झालेला असेल. नसला तरी मी झालाय म्हणेन. एखाद्या शुक्रवारी मी तुझं दार वाजवेन आणि तू उठशील. मी कसा आहे ते मला ठाऊक आहे, रुचा. आज तू आली नाहीस, तर मी हुसेनमियाँला विचारलं, तुमची मुलगी किती वर्षांची आहे, तिला शिकवू का.”

अर्चनाचे भाकरी थापणारे हात थांबले होते. ती वळली मात्र नाही.

“आणि दुसरा काढला तर?”

“तर मला तुला सहज बोलावता यायचं नाही.”

त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

“तूच दाब. कुठला तो.”

रुचाने दोन्ही ओळी वाचल्या. इतके दिवस तिला वाटत होतं की दार त्यांच्या हातात आहे. आता ते तिच्या पुढ्यात होतं आणि तिचं बोट हलत नव्हतं. ही खोली, हे टेबल, कंपाउंडची फेरी, सगळं एकदम जिवाभावाचं वाटायला लागलं आणि त्याचा तिला रागही आला. तिने आईच्या पाठीकडे पाहिलं. पाठ काही सांगत नव्हती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता.

तिने खालची ओळ निवडली. कायमचा.

“कोड येईल तुमच्या फोनवर,” ती म्हणाली.

फोन थरथरला. उमाकांतनी तो उचलला, डोळ्यांपासून लांब धरला.

“सहा, दोन, आठ, पाच.”

तिने आकडे भरले. पडद्यावर तांबडी ओळ उमटली. कोड चुकीचा होता.

दोघंही त्या ओळीकडे बघत राहिले. उमाकांतचा चष्मा टेबलावरच होता.

“परत मागव,” ते म्हणाले.

“उद्या करायचं का, बाबा?”

“नको. परत मागव.”

फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्यांनी आधी चष्मा उचलला, शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या, घातला. फोन दोन्ही हातांत धरला. आणि एकेक आकडा सुटा, सावकाश उच्चारला. तिने एक भरला, ते बघून मगच पुढचा.

“झालं?”

“झालं.”

अर्चनाने गॅस बंद केला. करपलेली भाकरी उचलून तिने बाजूला ठेवली आणि पिठाचे हात नळाखाली धरले. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

उमाकांतनी फोन पालथा ठेवला. टेबलावर पडलेला पिठाचा कण बोटाने टिपला, झटकला. काहीतरी विचारायचं आहे आणि ते नीट आठवत नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता.

“तो मुलगा,” ते म्हणाले. “शर्विल. तो डावरा आहे का गं?”

रुचाने व्हिडिओ पाहिले होते. तिला आठवावं लागलं नाही.

“हो. डावरा आहे.”

उमाकांतनी डोळे मिटले. उजवा हात टेबलावर थोडा पुढे सरकवला, मग तो मागे घेऊन डावा सरकवला. दगड कुठून सुटेल, कुठे वळेल, घासणारा कुठे उभा असेल, हे सगळं ते मनातल्या मनात नीट बघून घेत होते.

“मग तुला बाजू बदलावी लागेल,” ते म्हणाले.